किराण्याची भावंडे

'किराणा' हा शब्द आपल्या कानांना चांगला ओळखीचा आहे. आठवड्याच्या बाजाराला निघायचे म्हणजे आधी किराण्याची यादी होते: गूळ, तेल, मीठ, चहापूड. पण रेडिओवर गाण्याआधी निवेदक 'किराणा घराण्याच्या गायिका' असे म्हणतो, तेव्हा त्याचा त्या दुकानाशी काडीचाही संबंध नसतो. उत्तरेत, यमुनेकाठच्या मुलखात, कैराना नावाचे एक गाव आहे. पूर्वी ते मुजफ्फरनगर जिल्ह्यात मोडत असे, आता शामली जिल्ह्यात आहे. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या गाणारी आणि सारंगी-बीन वाजवणारी माणसे दिली. गावाच्या नावावरून त्यांच्या गाण्याच्या रीतीला किराणा हे नाव पडले.

आता प्रश्न असा, की यमुनेकाठचे हे गाणे आपल्या मिरजेला, पुण्याला, मुंबईला येऊन इतके आपले कसे झाले? त्याचे उत्तर एका बहीणभावंडांच्या घरात सापडते. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांतली तीन मोठी नावे. कृष्णराव माने आणि कमलाबाई बडोदेकर ही त्यांचीच भावंडे. पाच मुलांचे हे घर एकदा मध्यावरच मोडले. घर मोडले तरी त्या घरची विद्या कशी टिकली, आणि टिकून ती आपल्यासारख्या चारचौघांच्या दारापर्यंत कशी आली, ते आज आपण पाहू.

आधी घराणे म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आज गाणे शिकायचे तर पुस्तके आहेत, ध्वनिमुद्रणे आहेत, मोबाईलवर पाहिजे तो राग क्षणात ऐकता येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातले काही नव्हते. विद्या होती ती फक्त उस्तादाच्या गळ्यात. त्याच्यासमोर बसायचे, तो गाईल ते ऐकायचे, आणि तो 'हं, बरोबर' म्हणेपर्यंत तीच जागा शंभर वेळा म्हणायची. उस्ताद शिकवी तो मुख्यत: आपल्या मुलाला, पुतण्याला, भाच्याला. सावकाराने तिजोरीची किल्ली कनवटीला लावून ठेवावी तसा हा प्रकार होता. मुलीला शिकवले तरी ती चार लोकांत गाईल हा विचार बहुतेकांना मानवत नसे. तेव्हा घराणे म्हणजे नुसती गाण्याची तऱ्हा नव्हे. घराणे म्हणजे खरेच घर, त्यातली माणसे आणि त्यांची रोजची शिकवणी. मग ते घरच मोडले तर काय होणार, हे सांगायला नको.

या भावंडांचे वडील म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म १८७२ साली कैराना येथे झाला. तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गाण्यासाठी आले. तिथे राजघराण्याच्या नात्यातले सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी एकत्र संसार करायचे ठरवले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, आणि काळ तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. बडोद्यात राहणे शक्यच नव्हते. त्यांनी बडोदे सोडले, ते मुंबईला आले, आणि पुढे मिरज हे त्यांच्या घरासारखेच झाले. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. तिथे भोपळ्याचे तंबोरे घडतात, आणि २०२४ साली तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सुरांचा ध्यास घेतलेल्या माणसाला याहून चांगले गाव कुठे मिळणार?

खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्य घरीच राहत, जेवत आणि शिकत. त्यांचा आवाज बारीक, टोकदार आणि अतिशय सुरेल. सूर लागला की तो एखाद्या निरांजनाच्या ज्योतीसारखा स्थिर राही. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. सवाई गंधर्वांच्या शिष्यांत गंगूबाई हनगल आल्या, भीमसेन जोशी आले. म्हणजे किराण्याची एक धार शिष्यांच्या वाटेने धारवाड-हुबळीकडे गेली. दुसरी धार घरातून वाहायची होती. ती मात्र अडली.

१९२० च्या आसपास ताराबाई आणि खाँसाहेब यांच्यात दुरावा आला. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. या मुलांची घरातली नावे वेगळी होती. थोरल्याचे नाव अब्दुल रहमान, तो पुढे सुरेशबाबू झाला. चंपाकलीची हिराबाई झाली, गुलाबची कमलाबाई झाली, आणि सकीनाची सरस्वती. आडनावे आली ती आईच्या माहेरची: माने तरी, नाहीतर बडोद्यावरून बडोदेकर. नावे बदलता येतात. पण गळ्यावर झालेला संस्कार बदलता येत नाही, आणि अर्धवट राहिलेले शिक्षणही आपोआप पुरे होत नाही.

त्या वेळची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. आई एकटी. पदरात पाच मुले. थोरला मुलगा विशीच्या आतबाहेर, धाकटी मुलगी सहा-सात वर्षांची. घरात गाण्यावाचून दुसरे भांडवल नाही, आणि त्या गाण्याचा धनी तर दूर झालेला. एखादी बाई खचून गेली असती. ताराबाईंनी मुलांचे गाणे थांबू दिले नाही. मुलांना शिकवायला उस्ताद वहीद खाँ मिळाले, हे या कुटुंबाचे भाग्य.

वहीद खाँ हे किराण्याचेच, अब्दुल करीम खाँच्या नात्यातले. कानांनी ते अधू होते, म्हणून लोक त्यांना 'बहिरे वहीद खाँ' म्हणत. ज्याला लोकांचे बोलणे नीट ऐकू येत नाही, त्याला सूर किती बारीक ऐकू येत असावा याचे नवल वाटते. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे रागाची अतिशय संथ वाढ. गवई लोक तिला 'बढत' म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरू नका. शेतात ज्याने दारे धरली आहेत त्याला बढत म्हणजे काय ते एका वाक्यात कळेल. पाटाचे पाणी आपण एकदम सगळ्या रानात सोडत नाही. एक वाफा घेतो, तो कडेपर्यंत भिजू देतो, मग त्याचे तोंड बंद करून पुढच्याचे दार फोडतो. घाई केली तर पाणी वरून वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. बढतीतही असेच असते. गवई आधी 'सा' लावतो. मग त्याच्या खालचे सूर, मग वरचा एकेक सूर. नवा सूर घेण्याआधी मागच्या सुरांतून पुन:पुन्हा फिरून येतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो वाफा पुरता भिजला की मगच पुढचे दार फुटते. किराण्याच्या गाण्यात तानांची आतषबाजी थोडी आणि सुरांची ही भिजवण फार, असे थोडक्यात म्हणता येईल.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेला झाला. त्यांना वहीद खाँसाहेबांची तालीम काही वर्षे मिळाली. पण उस्ताद काही कायमचे मुंबईत राहणारे नव्हते. मग पुढचे काय? इथे या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस पुढे येतो, आणि त्याचे नाव आज सर्वांत कमी घेतले जाते. तो म्हणजे थोरला भाऊ, सुरेशबाबू.

सुरेशबाबूंचा जन्म १९०२ चा. वडिलांची तालीम भावंडांपैकी त्यांच्या वाट्याला अधिक आली होती, आणि वहीद खाँसाहेबांकडेही ते शिकले होते. ख्यालावर त्यांचे प्रभुत्व होतेच. पण ठुमरी ते अशी गात की जाणकार आजही तिची आठवण काढतात. पेटीवरही त्यांचा हात फार गोड होता. एवढी पुंजी असलेला माणूस आपल्या मैफली, आपली कीर्ती, आपले नाव यांच्यामागे लागला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. सुरेशबाबू मात्र बहिणींना शिकवायला बसले. वडील दूर गेले, उस्ताद निघून गेले, तेव्हा बापाची आणि गुरूची अशा दोन्ही जागा या भावाने भरून काढल्या. हिराबाई त्यांच्याकडे शिकल्या, धाकटी सरस्वतीही शिकली. मैफलीत बहीण पुढे बसे आणि भाऊ मागे पेटी धरी. सुरेशबाबूंची ध्वनिमुद्रणे थोडीच आहेत. पण हिराबाईंच्या आणि सरस्वतीबाईंच्या आवाजात आपण जे ऐकतो, त्यात त्यांची शिकवण सर्वत्र आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हांला ही गोष्ट लगेच उमजेल. वर्गातला मुलगा पुढे मोठा होतो, त्याचे नाव होते. अक्षर गिरवून घेणाऱ्याचे नाव कोण विचारतो? पण अक्षर त्याचेच असते.

आता हिराबाईंच्या कामाकडे वळू. १९२१ च्या सुमारास मुंबईला, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत, सोळा वर्षांच्या आतबाहेरची ही मुलगी गायली. नंतर त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली. आजच्या वाचकाला यात काय विशेष, असे वाटेल. म्हणून त्या वेळी बाईचे गाणे कुठे आणि कसे होत असे ते सांगितले पाहिजे.

गाणाऱ्या बायका तेव्हा नव्हत्या असे नाही. उत्तम उत्तम गायिका होत्या, आणि त्यांनी जपलेली विद्या फार मोलाची होती. पण त्यांचे गाणे होई ते संस्थानिकांच्या दिवाणखान्यात, श्रीमंतांच्या हवेलीत, लग्नकार्याच्या बैठकीत. बोलावणे असेल त्याने जायचे. ऐकणारे बहुतेक पुरुष. गाताना हावभाव करणे, अदा दाखवणे हा त्या बैठकीचा भागच असे. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली बाई तिथे ऐकायलासुद्धा जात नसे, मग गाण्याचे तर नावच नको. मुलीने घरात ओव्या म्हणाव्यात, मंगळागौरीला गाणी म्हणावीत, आरती म्हणावी. तंबोरा मात्र हातात धरू नये. कलावंत बाईला लोक टाळ्या देत, पण मान देत नसत. टाळ्या आणि मान यांतला हा फरक फार बोचरा होता.

हिराबाईंनी याविरुद्ध व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी बसण्याची रीत बदलली. नाटकगृहात किंवा सभागृहात व्यासपीठावर तंबोऱ्यांच्या मध्ये त्या साध्या वेषात, अंगभर पदर घेऊन, ताठ बसत. हातवारे नाहीत, मुद्रा नाहीत. गाण्याला बसलेला एखादा पुरुष गवई ज्या गांभीर्याने बसेल त्याच गांभीर्याने बसणे. आधी ख्याल, मग एखादी ठुमरी, नाट्यपद, भजन किंवा भावगीत, अशी मांडणी. कार्यक्रम ठरल्या वेळेला सुरू आणि ठरल्या वेळेला बंद. तिकीट काढील त्याला प्रवेश. मग तो गिरणीतला कारकून असो, शाळेतला मास्तर असो, की बायकोला बरोबर घेऊन आलेला दुकानदार असो. 'बायकोला बरोबर घेऊन' हे महत्त्वाचे. हिराबाईंच्या मैफलीला कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. ऐकायला आलेल्या आयांनी पाहिले, की अशा तऱ्हेने बाई गाऊ शकते आणि तिचा मान राहतो. मग त्यांच्या मुली गाणे शिकू लागल्या. लोकांनी पुढे हिराबाईंना 'गानहिरा' म्हटले, ते त्यांच्या आवाजासाठी तर खरेच, पण या मानासाठीही.

तिकीट लावून गाण्याची प्रथा पलुस्करांनी आणि खुद्द अब्दुल करीम खाँनी पुरुषांपुरती रूढ केलीच होती. मुलीने ती बायकांसाठी खुली केली. बापलेकीत दुरावा होता, तरी वाट एकच होती असे म्हणायला हरकत नाही.

या कुटुंबाने आणखी एक धाडस केले. ताराबाई आणि मुले यांनी नूतन संगीत विद्यालय चालवले, आणि त्याच्या जोडीला नाटकेही रंगभूमीवर आणली. मराठी संगीत नाटक तेव्हा ऐन भरात होते. पण त्यातली सुभद्रा, सिंधू, रेवती ही सगळी पुरुषच होती. बालगंधर्वांसारखा नट स्त्रीभूमिका करी आणि महाराष्ट्र त्यावर लुब्ध होई. स्त्री आणि पुरुष एकाच नाटकात, एकाच रंगमंचावर, ही गोष्ट फार विरळ. हिराबाई आणि त्यांच्या बहिणी 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'एकच प्याला' अशा नाटकांतून उभ्या राहिल्या, आणि सरस्वती तर अगदी लहान वयातच. संसारात वावरणाऱ्या बाईचे काम खरी बाई करू लागली. आज आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली सहज नाटकात काम करतात, त्या सहजपणामागे असे काही कष्ट आहेत.

नाटकाचा धंदा मात्र त्यांना फळला नाही. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठी बोलपट आला, आणि गावोगावची नाट्यगृहे ओस पडू लागली. मंडळींच्या डोक्यावर कर्ज झाले. ते फेडायला शेवटी उपयोगी पडले ते गाणेच. हिराबाई मैफली करीत हिंडल्या. बोलपटाने नाटक खाल्ले, पण त्याच बोलपटाने या भावंडांना थोडे कामही दिले. सुरेशबाबूंनी १९३४ साली प्रभातच्या 'अमृतमंथन' या चित्रपटात भूमिका केली. हिराबाई १९३७ सालच्या 'प्रतिभा' या चित्रपटात दिसल्या.

त्याच १९३७ साली २७ ऑक्टोबरला अब्दुल करीम खाँ वारले. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना आगगाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनावर उतरले. तिथेच तंबोरा लावून त्यांनी सूर आळवले आणि देह ठेवला, असे सांगतात. त्यांना मिरजेला मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. दरवर्षी तिथे गवई जमतात आणि गाण्याची सेवा करतात.

आता धाकट्या बहिणीकडे. सरस्वतीबाईंचा जन्म १९१३ चा. हिराबाईंपेक्षा त्या आठ वर्षांनी लहान. भावाबहिणीचे शिक्षण तर त्यांना मिळालेच, शिवाय प्रा. बी. आर. देवधर आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. म्हणजे घराण्याच्या भिंतीला त्यांनी एक खिडकी ठेवली होती. त्यांचा आणि नभोवाणीचा संबंध १९३३ पासूनचा, आणि तो पाच दशकांहून अधिक टिकला. या गोष्टीचे महत्त्व खेड्यातल्या श्रोत्याला वेगळे सांगायला नको. मैफलीला जायचे तर शहर गाठावे लागते, तिकिटाला पैसे लागतात, रात्री परतायची पंचाईत. रेडिओने ही सगळी पंचाईत मिटवली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे बसलेल्या शेतकऱ्याला आणि चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईला तोच राग, तोच आवाज, त्याच क्षणी मिळू लागला. हिराबाईंनी बाईचे गाणे दिवाणखान्यातून सभागृहात आणले. पुढे रेडिओने ते सभागृहातून ओसरीवर नेले, आणि त्या कामात सरस्वतीबाईंचा वाटा मोठा आहे. १९४३ साली विजय भट्ट यांच्या 'रामराज्य' या चित्रपटात त्यांनी पार्श्वगायन केले. त्यातले वीणेवरचे गीत तर हिंदुस्थानभर लोकांच्या तोंडी झाले.

पुढे १९६५ पासून या दोघी बहिणी मिळून जुगलबंदी गाऊ लागल्या. दोन स्त्रियांनी मैफलीत बरोबरीने ख्याल गायचा, हे तोवर फारसे कोणी ऐकले नव्हते. जुगलबंदी म्हणजे कुस्ती नव्हे, हे ध्यानात ठेवून त्यांचे गाणे ऐकावे. जात्यावर दोघीजणी समोरासमोर बसून दळतात, तेव्हा एकीचा हात ढिला पडतो त्याच क्षणी दुसरीचा घट्ट होतो, आणि जाते मात्र थांबत नाही. दोन बहिणींच्या गाण्यात तसे होते. थोरलीने सूर ठेवला की धाकटी तो उचलते, एक पाऊल पुढे नेते आणि परत तिच्या हाती देते. पहिल्यांदा ऐकताना आवाज कोणाचा हे कळत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना कळते. तिसऱ्यांदा ते शोधायची गरज वाटत नाही. दोघींनाही एकाच माणसाने शिकवले होते, म्हणून हे जमले.

तो माणूस मात्र ही जुगलबंदी ऐकायला उरला नव्हता. सुरेशबाबू १५ फेब्रुवारी १९५३ रोजी वारले, वयाच्या अवघ्या पन्नाशीत. पण तोवर त्यांनी घराचे दार बाहेरच्या मुलामुलींसाठीही उघडले होते. माणिक वर्मा त्यांच्याकडे शिकल्या, वसंतराव देशपांडे शिकले. आणि शिकली पुण्याची एक मुलगी, प्रभा अत्रे. १९३२ साली जन्मलेल्या या मुलीच्या घरी गाण्याची परंपरा नव्हती. आईवडील शिक्षणाच्या क्षेत्रातले. आईची प्रकृती बरी नव्हती, म्हणून मन रमावे यासाठी तिला पेटी शिकवायला गुरुजी येऊ लागले. आईचे शिकणे थांबले आणि मुलीचे सुरू झाले. पुढे ती सुरेशबाबूंकडे आली. ते गेल्यावर हिराबाईंनी तिला जवळ घेतले आणि मैफलींना साथीला नेले. या मुलीने विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची पदवी घेतली, सरगम या विषयावर संशोधन करून ती डॉक्टर झाली, आकाशवाणीत तिने नोकरी केली, विद्यापीठात संगीत शिकवले. २०२२ साली तिला पद्मविभूषण मिळाले, आणि २०२४ साली वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ती गेली. पूर्वी जी विद्या मुलगा, पुतण्या, भाचा एवढ्यांतच राहत असे, ती शिक्षकाच्या मुलीच्या हाती आली. वाटेत एक भाऊ बसला होता, आणि त्याने ती अडवून ठेवली नाही, म्हणून हे घडले.

हिराबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या गेल्या. सरस्वतीबाई मात्र २००६ पर्यंत आपल्यात होत्या. त्र्याण्णव वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. एका घरातल्या या भावंडांचे काम असे शतकभर पुरले.

आता थोडे तुमच्याआमच्या कामाचे बोलू. 'शास्त्रीय गाणे आम्हांला कळत नाही' असे खेड्यातली मंडळी नेहमी म्हणतात. मला वाटते, कळण्याची घाई करू नये. हिराबाईंचे एखादे ध्वनिमुद्रण मिळवा. पटदीप मिळाला तर उत्तमच. संध्याकाळच्या आधी, उन्हे कलती असताना ते लावा. राग कोणता, ताल कोणता हे विचारू नका. एवढेच पाहा, की बाई 'सा' वर किती वेळ थांबते आणि पुढच्या सुराला केव्हा हात घालते. वाफा भिजला की नाही, हे शेतकऱ्याला पायाने कळते. तसे ते तुम्हांला कानाने कळेल. त्यानंतर दोन्ही बहिणींची जुगलबंदी लावा.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी इतरांपेक्षा सुरात म्हणते, हे तुमच्या ध्यानात येतेच. तिला संमेलनापुरते एक गाणे बसवून देऊन थांबू नका. जवळपास कोणी भजनी बुवा असतील, कोणी निवृत्त संगीतशिक्षक असतील, तर तिच्या घरच्यांशी बोलून तिला तिकडे पाठवा. घरचे म्हणतील, 'गाणं शिकून काय करायचंय पोरीला?' तेव्हा त्यांना हिराबाईंची गोष्ट सांगा. आणि तिला एखादा मोठा भाऊ असेल, तर त्याला सुरेशबाबूंची गोष्ट अवश्य सांगा. बहिणीला तालमीला सायकलवरून पोचवून आणण्याइतपत तरी त्याच्या मनात ती उतरली, तर पुष्कळ झाले.